पॅनेलवर एक बाई

"टीम लीडच्या जागेसाठी तुमचं नाव पुढे होतं," टेंबेसर लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाले, "पण वर्षभरात तुमचा कोड कुठे दिसतच नाही हो. वरच्यांना मी काय सांगू?"

"सर, मी मुलाखती घेत होते," ऋजुता म्हणाली.

मुलाखतीच्या प्रत्येक पॅनेलवर एक तरी बाई हवी, हा नियम तिनेच भांडून आणला होता. समोर चार पुरुष बघितले की येणारं उत्तरही मुलीच्या तोंडून फुटत नाही, हे तिला स्वतःवरून ठाऊक होतं. पण कंपनीत अनुभवी बाई इंजिनियर ती एकटीच. त्यामुळे प्रत्येक पॅनेलवर तीच बसायची. अकरा मुली नोकरीला लागल्या. तिचं अर्धवट राहिलेलं काम मात्र दर वेळी शेजारचा केतकर पूर्ण करत गेला.

"मुलाखती घेतल्यात, छानच केलंत. पण ते काही काम नव्हे."

ती उठली. दारापाशी पोचली, तेवढ्यात सरांनी हाक मारली.

"आणि हो, लीडच्या मुलाखती सोमवारी ठेवल्यात. पहिलीच केतकरची आहे. पॅनेलवर तुम्ही बसा. एक बाई लागतेच."