पाच किलोचा चेंडू

“सगळ्यात जड कुठला आहे?” चष्मेवाल्याने व्यायामाच्या चेंडूंकडे बोट करून विचारलं.

खेळाच्या सामानाच्या दुकानातल्या बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काडीसारखे हात आणि नाकावर स्वतःच्याच चष्म्यांच्या दुकानातली भारी फ्रेम.

“कशासाठी हवाय?”

“ताकदीसाठी.”

“ते कळलं हो. मेडिसिन बॉल कुणी उशाला घ्यायला नेत नाही.”

खरं कारण सांगताना त्याचे कान लाल झाले. वडील न्हाणीघरात पडले होते. त्यांना उचलता उचलता हाच त्यांच्याशेजारी फतकल मारून बसला. शेवटी शेजारच्या वेल्डरला हाक मारावी लागली. त्याने ओल्या टॉवेलातल्या म्हाताऱ्याला अलगद उचलून पलंगावर ठेवलं आणि वर यालाच विचारलं, “तुम्हाला कुठे लागलं नाही ना?”

तेव्हापासून वडिलांना आपलं आपण उठता येत नव्हतं. सकाळी पलंगावरून खिडकीजवळच्या खुर्चीत, संध्याकाळी पुन्हा पलंगावर. दोन्ही वेळा वेल्डर. बहिणीने तर फोनवर सरळ सांगून टाकलं होतं, “पुढच्या महिन्यात येतेय. तोवर तुला बाबांना एकट्याने उचलता आलं नाही, तर त्यांना देखभाल केंद्रात ठेवायचं. परक्या माणसाच्या जिवावर किती दिवस काढणार?” फोनचा आवाज मोठा होता. वडील समोरच बसले होते.

बाईंनी दहा किलोचा चेंडू त्याच्या हातात दिला. त्याने तो छातीशी कवटाळला आणि अभिमानाने उभा राहिला.

“आता भिंतीवर फेका.”

चेंडू भिंतीपर्यंत पोचलाच नाही.

“नुसता धरता येतो तो आपला चेंडू नव्हे,” बाई म्हणाल्या. “फेकून परत झेलता येतो तो आपला. तुम्ही पाचचा घ्या. उचलताना गुडघ्यांत वाका, कंबरेत नाही. ओझं छातीजवळ धरा. आणि रोज करा. ताकद कुणी उसनी देत नाही.”

घरी वडिलांनी चेंडू मांडीवर घेतला.

“किती?”

“पाच किलो.”

“आणि मी?”

“काहीतरीच काय बाबा!”

“अरे, विचारतोय. पडायच्या आधी दवाखान्यात बहात्तर भरलो होतो.” ते मांडीवरचा चेंडू गोल गोल फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी बोळातल्या भिंतीवर धप धप सुरू झालं. आधी फेकणं, मग चेंडू छातीशी धरून उठाबशा. पहिल्याच आठवड्यात वेल्डरचा कुत्रा खिडकीखाली येऊन बसू लागला. “चेंडूच्या आवाजाला येतो,” वडील म्हणाले. पुढे पुढे त्याने मालकाचं दार सोडून तिथेच मुक्काम ठोकला.

खरं सांगायचं तर धप धप रोज होत नसे. येणारेजाणारे बघायचे आणि चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कधी नुसताच कंटाळा. वडील कधी रागावले नाहीत.

“राहू दे आज. तुझ्या वाट्याची मेहनत मी करतो,” असं ते म्हणायचे आणि दोघंही हसायचे.

मग तो डबा भरून खुर्चीशेजारी ठेवायचा आणि दुकानात जायचा. संध्याकाळी डबा चाटूनपुसून लख्ख.

“जेवलात?”

“पोटभर. रात्री नुसतं दूध दे, दुपारचंच जड झालंय.”

एका संध्याकाळी त्याने वेल्डरला दारातूनच परत पाठवलं. चष्मा घसरला, वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ मानेत रुतलं. पण ते पलंगावर पोचले. “जमतंय, जमतंय,” वडील कानाशी पुटपुटत होते. नंतर दर खेपेला थोडं सोपं होत गेलं. मानेत घड्याळ रुतेनासं झालं. हाताला वळण लागलं असं त्याला वाटलं.

ठरल्याप्रमाणे बहीण आली. तिच्यासमोर त्याने वडिलांना एका दमात उचलून खुर्चीत बसवलं. ती बघतच राहिली.

“दादा, तू?” मग तिने वडिलांकडे बघितलं. “बाबा, सदरा केवढा ढगळ झालाय हा!”

“धुऊन धुऊन सैल पडलाय गं. तुझ्या भावाला कपडे तरी कुठे धड धुता येतात?”

तिघंही हसले. केंद्राचा विषय पुन्हा निघाला नाही. बहिणीला निरोप देताना चष्मेवाला वेल्डरच्या दारावरून मान वर करून गेला. किती तरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून तो ऐटीत बाईंकडे गेला.

“सात किलोचा द्या.”

“फेकून दाखवा.”

चेंडू भिंतीला जेमतेम लागला आणि त्याच्या पायावर पडला. बाईंनी मग पाचचा दिला. तोही दोनदा निसटला.

“रोज केलं नाहीत ना?”

त्याचे कान पुन्हा लाल झाले. “नाही, पण... अहो, मी बहात्तर किलोचा माणूस एका दमात उचलतो! कालच उचलला, बहिणीसमोर!”

बाईंनी चेंडू मांडणीवर ठेवला. “मग वजनकाटा तपासून घ्या.”

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

तो दुकानाकडे निघाला, पण पाय घराकडे वळले. या वेळी तो कधी घरी येत नसे. बोळ शांत होता. चेंडूचा आवाज नव्हता, तरी कुत्रा खिडकीखाली नाक वर करून बसला होता. खिडकीतून वडिलांचा हात बाहेर आला. घड्याळ मनगटावरून घसरून मुठीशी अडकलं होतं. हातात भरलेला डबा होता. तो हळूच उपडा झाला.

“खा, सगळं खा,” आतून आवाज आला. “त्याला आत्ता कुठे जमायला लागलंय.”