मांडणीवरची भांडी

भूकंपानंतर लातूरच्या घरात मांडणीवरची भांडी जरा वाजली, की रजिया लेकाचा हात धरून अंगणात पळायची. एरवी हारिस कुणाला अंगाला हात लावू देत नसे; बोलणं त्याला कधी आलंच नाही. धक्के थांबले, पोरगा दाढीमिशीवाला झाला, तरी रोज मांडणी हलवायचा. घाबरला असेल म्हणून ती त्याला बाहेर न्यायची. "चाची, परीक्षा तोंडावर आली अन् हा लई वाजवून राहिला," वर भाड्यानं राहणारी क्लासची पोरगी रडकुंडीला आली. रजियानं भांडी मोडीत घातली, प्लास्टिकचे डबे मांडले. संध्याकाळी हारिसनं मांडणी हलवली. आवाज झाला नाही. "चल बेटा, बाहेर जाऊ," रजियानं हात धरला. त्यानं झिडकारला. ती भीती नव्हतीच. अम्मी हवी असली, की तो अशी हाक मारायचा. हारिस मुक्या मांडणीला कान लावून उभा होता.