वडिलांचा होकार

देवळीच्या केंद्रात इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेल्या मुलींची पुण्याच्या कंपनीत निवड झाली होती. पण मागच्या बॅचचे बाप पोरींना अर्ध्यातून परत घेऊन आले, म्हणून इला मॅडम आता आधीच प्रत्येकीच्या वडिलांना विचारत होत्या. फोन स्पीकरवर, सगळ्यांसमोर.

"पोरगी एकटी पुन्याले? नाई जमत," काजलच्या बापानं सांगून टाकलं. काजल बॅग उचलून बाहेर गेली.

मग मयुरीची पाळी आली. तिनं ओढणी मुठीत आवळून घरचा नंबर सांगितला.

"हा, बोला." आवाज घोगरा, जड.

"मयुरीचे वडील का?"

"हो. श्रावण बोलून राह्यलो."

"तिला पुण्याला पाठवाल?"

"पाठवतो ना. तिले म्हना, मन लावून काम करजो."

मयुरीनं श्वास सोडला. तेवढ्यात फोनमध्येच मागून एक पुरुष ओरडला, "कोनासंग बोलून राह्यली व, मयुरीची माय?"

मॅडमनी फोन ठेवला, मयुरीकडे पाहिलं.

"जा, काजलला बोलावून आण," त्या म्हणाल्या. "आणि तिला सांग, आईचा नंबर दे म्हणावं."