मूळ दर

"तुझा मामा आपल्या दुकानाला खास दर लावतो. ऑफिसात बोभाटा करू नकोस," निघताना बाबांनी लेकीला बजावलं.

मामांच्या ट्रान्सपोर्टमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं होतं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा दर भरायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. आजवर सगळे दर मामांच्या डोक्यातच होते. ते सांगत गेले, ती भरत गेली. कुणाला दहा टक्के सूट, कुणाला पंधरा. गादीवाल्याने तर तासभर डोकं खाऊन वीस पदरात पाडून घेतलेली.

"मग बिनसुटीचा मूळ दर कुणाला लावायचा, मामा?"

मामा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"तुझ्या बाबांना लाव. दाजी घरचे, ते बिचारे कधी घासाघीस करत नाहीत."