धावपट्टी मोकळी

विमानाचा आवाज हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या डार्सी टकवेलला सगळ्यांच्या आधी ऐकू आला. त्याच्या पोटात गोळा आला. एक गोळा आधीपासून होताच, तो परवा स्कॅनमध्ये दिसला होता. हा भीतीचा.

आभाळात ठिपका दिसायला अजून पाच मिनिटं होती. ही पाच मिनिटं डार्सीला पाठ होती. विमान येणार म्हटलं की गाडी काढायची आणि गावाच्या धावपट्टीवरचे कांगारू हुसकावायचे, हे काम गेली एकोणीस वर्षं त्याच्याकडे होतं. कांगारू पळाले की विमान उतरायचं, पेशंटला आत सरकवायचं आणि सातशे किलोमीटरवरच्या शहराकडे निघायचं. गावातलं हॉस्पिटल बावीस खाटांचं. हातपाय मोडणं, ताप, टाके इथे. जे इथे झेपत नाही ते आकाशात.

डार्सीच्या देखत एकेचाळीस जण आकाशात गेले होते. स्वतःच्या पायांनी परत आले अकरा. हा आकडा त्याने कधी कोणाला सांगितला नव्हता. एकदा कांगारूंना सांगितला होता.

"शोना, ते माझ्यासाठी आलंय का गं?"

सिस्टर शोना सलाईनची नळी बघत होती. "तू कोण मोठा लागून गेलास?"

"धावपट्टीवर कोण गेलंय?"

"पंपावरचा ट्रेव्हर."

"ट्रेव्हर! अगं तो कांगारूंना हॉर्न वाजवून विनंती करतो."

"पडून राहा गुपचूप."

पण हे बोलताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. शोना नजर चुकवणारी बाई नव्हती. गेल्या महिन्यात डार्सीच्या कुत्र्याने हॉस्पिटलच्या फाटकातून नुसतं नाक आत घातलं, तर ही झाडू घेऊन धावली होती. कुत्र्याचं नाव मिनिस्टर, कारण तो दिवसभर झोपायचा आणि कोणी काम करायला आलं की भुंकायचा. "पुन्हा हे ध्यान आवारात दिसलं," शोना तेव्हा ओरडली होती, "तर दोघांनाही भूल न देता टाके घालीन!" तेव्हापासून मिनिस्टरला हद्द कळली होती. डार्सी भरती झाल्यापासून तीन दिवस तो रस्त्यापलीकडे निलगिरीखाली बसून होता. स्वयंपाकघरातून त्याला मटण जात होतं आणि ते शोनाला माहीत नाही, असं सगळे धरून चालले होते.

विमान उतरलं. थोड्या वेळाने बाहेर स्ट्रेचर आलं. त्याचं एक चाक कुरकुरत होतं. कुरकुर जवळ आली, दाराशी आली, थांबली. डार्सीने चादर घट्ट धरली.

कुरकुर पुढे गेली. स्ट्रेचर शेजारच्या खोलीतल्या बाईसाठी होतं. पोटात जुळी, आणि दोन्ही आडवी.

तेवढ्यात डॉक्टर समरवीरा आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. तीन दिवसांत त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.

"डार्सी, शहरातल्या डॉक्टरांशी मी आत्ताच बोलले. त्यांनी तुमचं सगळं बघितलं."

"मग? मलाही जायचंय का?"

"नाही. तिथे नेऊन ते जे करतील, ते आम्ही इथेच करू शकतो."

डार्सीच्या छातीवरून मेंढ्यांनी भरलेला ट्रक उतरला. "ऐकलंस ना शोना! आपलं हॉस्पिटल शहराच्या तोडीचं झालं. आणि लोक नावं ठेवतात!"

"मला अजून थोडं सांगायचंय, डार्सी..."

"आता काही नको, डॉक्टर. जीव वाचवलात माझा."

डॉक्टरांनी शोनाकडे पाहिलं. शोनाने खिडकीकडे पाहिलं. "मी संध्याकाळी येते, तेव्हा बोलू," डॉक्टर म्हणाल्या. उठताना त्यांनी त्याचा खांदा दाबला.

लगेच डार्सीला कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीत हलवलं. मऊ पलंग, बागेत उघडणारं दार, समोर धावपट्टी. इथे त्याच्या हाताला सलाईनसुद्धा लावली नाही. स्वयंपाकघरातली बाई येऊन विचारून गेली, जेवायला काय करू? साहेबांसारखं! डार्सीने भाजलेलं मटण मागितलं आणि गंमत म्हणून वर थंड बिअर. मटण यायचं होतं, पण बिअर आली. पेल्यातून.

"शोना, इथे बिअर चालते?"

"इथे चालते."

"सरकारी हॉस्पिटल, आणि वर बिअर! ट्रेव्हरला सांगू नकोस, तो उद्याच पाय मोडून घेईल."

शोना हसली नाही. ती बागेच्या दाराने बाहेर गेली, रस्ता ओलांडून गेली आणि परत आली. तिच्या हातात पट्टा होता. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मिनिस्टर. उंबऱ्याशी येताच तो सवयीने थबकला आणि झाडू शोधू लागला.

"ये रे, ये आत," शोना त्याला म्हणाली. डार्सीने एकोणीस वर्षांत तिचा हा आवाज ऐकला नव्हता.

मिनिस्टर चिखलाच्या पायांनी पलंगावर चढला. शोनाने त्याला हाकललं नाही. उलट त्याला अंग टाकता यावं म्हणून उशी सरकवून दिली.

डार्सी हसत होता. मग त्याचं हसू हळूहळू थांबलं. त्याने कुत्र्याकडे पाहिलं, बिअरकडे पाहिलं, सलाईन नसलेल्या हाताकडे पाहिलं. शेवटी शोनाच्या डोळ्यांकडे. या वेळी तिने नजर चुकवली नाही.

खिडकीबाहेर विमानाचं दार लागलं होतं. पंखे फिरायला लागले होते. समोरची धावपट्टी शेवटपर्यंत मोकळी होती.

"शोना," तो म्हणाला, "हे विमान गेलं की ट्रेव्हरला फोन लाव. म्हणावं, कांगारू परत आण. माझं विमान एवढ्यात उतरायला नको."