मिटलेल्या तोंडाचा गायक

"नाक चुकलं," हेल्मी लाहती म्हणाली. तिने मातीच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. "जरा बसकं कर."

शिल्पकार कोलेटने हातातली कोरणी खाली ठेवली. तिचं हे पहिलंच मोठं शिल्प. गावचा नामवंत गायक रस्टी लाहती याच्या आईने, हेल्मीने, मातीचा नमुना पसंत केल्याशिवाय ब्राँझ ओतायचं नाही, असं पुतळा समितीने तिला बजावलं होतं.

"आजी, रस्टीचे दोनशे फोटो आहेत माझ्याकडे. एकातही नाक बसकं नाही."

"फोटोत रंगरंगोटी असते. पोर मी जन्माला घातलंय की तुझ्या कॅमेऱ्याने?"

कोलेटने नाक बसकं केलं. मग कान मोठे केले. मग हनुवटीवर खोकेचा व्रण कोरला.

"लहानपणचा एखादा तरी फोटो?"

"सगळे जळाले. माझा थोरला, आर्वो, खाणीत दगड कोसळून गेला, त्याच हिवाळ्यात घरही गेलं." म्हातारीने पिशवीतून वेलचीचा गोड पाव काढून तिच्या हातात कोंबला. "खा. आणि ते तोंड मिटव."

"रॉक गायक आणि तोंड मिटलेलं?" दारातून महापौर गॉर्ड ओरडले. "अहो, गाव हसेल आपल्याला!"

"मग दुसऱ्या कुणाच्या आईला विचार जा, गॉर्ड."

गॉर्ड आल्या पावली परत गेले. ब्लॅकस्प्रूस गावात नव्वदीच्या हेल्मीपुढे कुणाचीच डाळ शिजत नाही.

अनावरणाच्या आठवडाभर आधी रस्टीचं पत्र आलं. पुतळा माझ्यासारखा नसेल, तर भर सभेत खाली उतरवायला लावीन. एका गावात त्याने तसं केलंही होतं. त्या दिवसापासून कोलेटला अन्न गोड लागेना.

हॉकीच्या मैदानासमोर पुतळ्यावरचा पडदा बाजूला झाला. चामड्याचं जॅकेट, लांब केस, गळ्यात गिटार. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आमच्या माणसांना तेवढं पुरतं, चेहरा कोण निरखतो?

रस्टीने निरखला. काळा चष्मा काढून तो वर बघत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. शिट्ट्या थांबल्या. कोलेटने खुर्चीची कड घट्ट धरली. संपलं सगळं, तिला वाटलं.

रस्टीने वळून आईकडे पाहिलं. म्हातारी रुमाल मुठीत आवळून त्याच्याकडेच बघत होती.

"काय रस्टी, कसा वाटतो?" गॉर्डनी घाबरत घाबरत माइक पुढे केला.

"हुबेहूब," रस्टी म्हणाला.

एकच जल्लोष झाला. कोलेट ढसाढसा रडली.

रस्टी आईशेजारी येऊन बसला. तिचा हात त्याने आपल्या हातात घेतला आणि तिच्या कानाशी वाकला.

"आई, आर्वोच्या गळ्यात माझी गिटार शोभते गं."