टिकटिक

विमानांना वाट दाखवणारं बीकन मी दुरुस्तीला उघडलं होतं. टिकटिक बंद, आणि सिग्नल भलतीकडे, टेकडीच्या अंगाला. सुट्टी मोडून आलेलो; गडबडीत टॉवरला कळवायचं राहूनच गेलं. तेवढ्यात धुक्यात घरघर ऐकू आली. या वेळेला येणारं, माझ्या लेकीचं विमान!

वैमानिक झाली तेव्हाच तिला घोकवलं होतं, "विमानातली दिशेची सुई काहीही दाखवो, कानात बीकनची टिकटिक आल्याशिवाय खाली यायचं नाही."

घरघर खाली आली. तावदानं थरथरली. मी टॉवरचा नंबर फिरवायला घेतला. मग इंजिन एकदम गरजलं आणि आवाज वर चढत गेला. मी रेडिओचा आवाज वाढवला.

रेडिओवर लेक टॉवरला सुनावत होती, "टिकटिक नाही, वर जातेय. बीकनवर कोण गाढव बसलंय, त्याची तक्रार लिहून घ्या. माझे बाबा आज सुट्टीवर नसते, तर असं झालंच नसतं!"